प्रेक्षक पाहायला यवतमाळला

यवतमाळ जिल्ह्यात लोक वाघ पाहायला जातात, सोयरिकीला जातात, कापूस घ्यायला जातात. मी प्रेक्षक पाहायला गेले. हे ऐकून सांगलीतल्या माझ्या शेजारच्या काकूंनी डोळे मोठे केले. "म्हणजे खेळ पाहायला ना?" म्हटलं, नाही. खेळाकडे पाठ करून बसायचं आणि खेळ पाहणाऱ्यांकडे पाहत राहायचं. निवृत्तीनंतर बाईंचं काहीतरी बिनसलंय, असा चेहरा करून काकू आत गेल्या.

प्रकार असा होता. माझा जन्म बास्केटबॉलमध्ये गेला. आधी खेळले, मग शाळेत मुलींना शिकवलं. दिग्रसचे गिरीशभाऊ हे कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याचे मालक. त्यांची मुलगी सांगलीला इंजिनिअरिंगला होती तेव्हा माझ्याकडे खेळायला यायची. त्या ओळखीवर त्यांचा फोन आला. त्यांनी जिल्ह्यात मुलींची व्यावसायिक बास्केटबॉल लीग काढली होती. यवतमाळ, दिग्रस, महागाव, ढाणकी असे चार संघ. बोली लावून खेळाडू घ्यायचे, त्यांना मानधन द्यायचं, सगळं टीव्हीवर दिसतं तसं. एकच अडचण होती. लीगला पैसा पुरवणारी बियाणे कंपनी पुढच्या वर्षी तीनच संघ पोसणार होती. एक संघ जायचा होता. कोणता? तर ज्याच्यामागे लोक नाहीत तो.

"म्याडम, आमच्या इथं कोनालेही विचारा, त्याचा कोनी ना कोनी सोयरा निघतेच," गिरीशभाऊ म्हणाले. "तुमचं इकडं कोनीच नाही. म्हनून तुमीच पाह्यजे."

आपलं कोणीच नाही या गोष्टीबद्दल माझं कौतुक पहिल्यांदाच झालं. मी गेले.

मोजमापाची पद्धत गिरीशभाऊंनी स्वतः शोधून काढली होती आणि तिच्यावर ते फार खूश होते. प्रत्येक संघाला त्याच्या रंगाच्या टोप्यांची खोकी दिलेली. घरच्या सामन्याला त्या फुकट वाटायच्या. तिसऱ्या क्वार्टरमध्ये प्रेक्षकांवरून कॅमेरा फिरवायचा आणि गावच्या रंगाची डोकी किती दिसतात ते पाहायचं. मी सोबत माझा शेरा द्यायचा. माणसाचं मन डोक्याच्या रंगावरून कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझा हा प्रवास जरूर वाचावा.

यवतमाळ

डिसेंबरची थंडी होती. रस्त्यावर कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या चालल्या होत्या आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकत होते. आमच्या सांगलीकडे रस्त्यात उसाची कांडी पडते, ती उचलून खाता तरी येते. इथली वाटमारी करून बाभळीच्या पदरात काय पडतं कोण जाणे.

उतरल्या उतरल्या तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर झणझणीत लाल रस्सा ओतून देतात. आमच्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात आणि त्यालाच आम्ही चव म्हणतो. पहिल्या घासाला नाक वाहू लागलं, दुसऱ्या घासाला मी आणखी रस्सा मागितला.

सामना संध्याकाळी मोठ्या मैदानावर. गर्दी पाहून मी चकितच झाले. आकाशी टोप्याच टोप्या! तरी काहीतरी खटकत होतं. गर्दी बसत नव्हती. सतत डावीकडून उजवीकडे सरकत होती. थोड्या वेळाने डोक्यात प्रकाश पडला. मैदानाभोवती रोज संध्याकाळी फिरायला येणारी मंडळी होती ती. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि लीग असली म्हणून साखर थोडीच थांबते? फाटकातून आत येताना प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी ठेवली होती. एक गृहस्थ माझ्यासमोरून चौथ्यांदा गेले तेव्हा मी विचारलं, "कोण जिंकतंय हो?"

"अजून दोन राउंड बाकी हायेत माहे," ते म्हणाले आणि पुढे गेले.

बसलेले होते ते खेळाडूंचे आईवडील. त्यांनी मोबाइल डोळ्यांसमोरून खाली घेतला नाही, त्यामुळे टाळ्या वाजवायला कोणाचे हात मोकळे नव्हते. व्हिडिओत मात्र आकाशी रंग काय खुलून दिसला! यवतमाळचा संघ वाचला, हे मी तिथेच ओळखलं.

दिग्रस

दिग्रसला गिरीशभाऊंचं घर, जिनिंग आणि संघ, तिन्ही एकाच रस्त्यावर. सामन्याला मंडप घातला होता आणि पुढे सोफे मांडले होते. सोफ्यांच्या मागे खुर्च्या, खुर्च्यांच्या मागे उभे लोक, सगळे पिवळ्या टोप्यांत. इतका समुदाय मी राज्य स्पर्धेलाही पाहिला नव्हता. मला भरून आलं. म्हटलं, कापसाच्या गावात बास्केटबॉलला हे दिवस आले!

मग सत्कार सुरू झाले. आधी प्रमुख पाहुण्यांचा, मग विशेष पाहुण्यांचा, मग ज्यांचा राहून गेला असं वाटलं त्यांचा, मग ज्यांनी तो राहून गेल्याचं लक्षात आणून दिलं त्यांचा. माझाही झाला. शाल, नारळ आणि "सांगलीहून खास विमानाने आलेल्या" अशी ओळख. मी एसटीने आले होते, पण माईक माझ्या हातात नव्हता. खेळाडू मुली तोवर कोर्टच्या कडेला उभ्या राहून गारठल्या. एकीने तर शाल पाहून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ती काढून तिला दिली.

शेवटचा नारळ दिला गेला, चहा फिरला, आणि पंचांनी चेंडू वर फेकला. त्याच क्षणी मंडप उठला. सोफे आधी रिकामे झाले, मग खुर्च्या. ज्याचा सत्कार होता त्याची माणसं त्याच्याबरोबर आली होती, ती त्याच्याबरोबर गेली. उरले ते जिनिंगच्या भिंतीवर चढून बसलेले कामगार. ते मात्र शेवटपर्यंत ओरडत होते. कॅमेरा तिथवर फिरत नव्हता.

"गर्दी पाह्यली ना म्याडम?" गिरीशभाऊंनी विचारलं.

"पाहिली. पण तिसऱ्या क्वार्टरला कुठे होती?"

"सत्काराच्या वेळचा व्हिडिओ घेतलाय ना आपन!" ते म्हणाले. नियम करणाऱ्यालाच नियमाच्या फटी ठाऊक असतात. त्यांच्या घरची पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी अप्रतिम होती हेही इथे नोंदवते.

महागाव

महागावला सामना बाजाराच्या दिवशी ठेवला होता. लोकांना सामन्याला आणण्यापेक्षा लोक जिथे येतातच तिथे सामना न्यावा, हा विचार मला पटला. कोर्टच्या एका बाजूला कांदे, दुसऱ्या बाजूला चपला. निवेदक स्कोअर सांगायचा, आणि त्याच दमात पांढऱ्या बैलाचा मालक कोण असेल त्याने बैल रिंगच्या खांबापासून सोडावा असंही सांगायचा. गुलाबी टोप्यांवर झुंबड उडाली. घरी किती माणसं आहेत ते सांगून लोक तितक्या टोप्या नेत होते. एका बाईने टोपीत लसूण भरून घेतला.

माझ्या शेजारी एक आजोबा येऊन टेकले. बाजार करून पाय दुखले असावेत. त्यांनी बराच वेळ खेळ पाहिला आणि मला विचारलं, "बाई, यातल्या आपल्या पोरी कोन्त्या?"

"गुलाबी कपड्यातल्या."

"त्यातली आपल्या गावची कोन्ती?"

मी पाहिलं. दोघी अकोल्याच्या होत्या, एक नांदेडची, बाकीच्या नागपूरच्या. बोलीत मिळाल्या होत्या. "एकही नाही," मी म्हटलं.

"मंग आपल्या कायच्या?"

या प्रश्नाला जगभरच्या मोठमोठ्या क्लबांकडे उत्तर असेल. मी म्हटलं, "त्यांनी गावाचं नाव घातलंय ना अंगावर." आजोबांनी मान डोलावली, टोपी घातली आणि खेळ संपेपर्यंत त्या अनोळखी पोरींना "पळ माय, पळ" म्हणत राहिले. माझ्या प्रवासातला तो पहिला खरा प्रेक्षक.

ढाणकी

ढाणकीचा संघ वेगळा होता. इथल्या प्रशिक्षक सुनीता वाठोरे. शाळेत खेळ शिकवत असत, त्या नोकरीतून वेळ काढून त्यांनी आसपासची गावं आणि बंजारा तांडे पालथे घालून मुली गोळा केलेल्या. त्यामुळे बोली लागली तेव्हा त्यांनी बाहेरची एकही मुलगी घेतली नाही. कर्णधार पायल राठोड जवळच्याच तांड्यावरची. उंचीने बेताची, पण चेंडू हातात आला की तिच्यापुढे उंच मुली खांबासारख्या उभ्या राहत. मी इतकी वर्षं मुली घडवल्या, पायलसारखी एकही माझ्या हातून झाली नाही.

सुनीताबाईंनी सकाळी मला कोर्ट दाखवलं. त्या शांतपणे बोलत होत्या, तरी हात सारखा ओढणीशी चाळा करत होता. "संघ गेला तं या पोरी खेळाच्या थांबतीन, म्याडम," त्या म्हणाल्या. "पायलचं लग्न तिच्या घरच्यायनं लीगसाठीच थांबवून ठेवलं हाय. लीग नाही तं थांबवाले कारन नाही."

मी अगदी तळमळून सांगितलं. "बाई, एकच करा. सगळ्यांच्या डोक्यावर जांभळी टोपी पाहिजे. तिसऱ्या क्वार्टरला. बाकी मी बघते." आता माझा निःपक्षपातीपणा कुठे गेला असं कोणी विचारेल, तर तो तर्रीपोह्यांबरोबर वाहून गेला होता.

सामना दिग्रसशी होता. दुपारी दिग्रसची गाडी आली आणि अख्खं ढाणकी मैदानावर लोटलं. कोणी ट्रॅक्टरमधून, कोणी पायी, बाया लेकरांना काखेत घेऊन. ना सत्कार, ना बाजार. केवळ सामन्याला आलेली माणसं मी या जिल्ह्यात प्रथमच पाहत होते. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात दिग्रसच्या मॅनेजरने गाडीतून खोकं काढलं. पिवळ्या टोप्या शिल्लक राहिल्या होत्या. दुसऱ्याच्या गावी रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बिचाऱ्याने त्या आणल्या होत्या. त्याने पहिली टोपी गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या डोक्यावर आदराने ठेवली.

इकडे लग्नात सोयऱ्यांना टोपीचा आहेर करतात हे तोवर मला ठाऊक नव्हतं. पाहुण्याने टोपी डोक्यावर ठेवली की ती तिथेच राहते. त्याच्यादेखत काढणं म्हणजे त्याचा अपमान. पहिल्याने घेतली, मग दुसऱ्याने नाही कसं म्हणायचं? पाहता पाहता मैदान मोहरीच्या शेतासारखं पिवळं झालं.

मी धावत सुनीताबाईंकडे गेले. "अहो, काढायला सांगा त्यांना!"

"पाहुन्याच्या हातची टोपी काढा म्हनू?" त्या कळवळल्या. "कसं म्हनू म्याडम? थो आहेर हाय."

"मग तुमच्या जांभळ्या टोप्या कुठे आहेत?"

त्यांनी बोट दाखवलं. आहेर घेतला की परत आहेर करावाच लागतो. गावातल्या कर्त्या मंडळींनी जांभळं खोकं फोडून दिग्रसच्या खेळाडूंना, मॅनेजरला आणि ड्रायव्हरला टोप्या घातल्या होत्या. उरलेल्या गाडीत भरून दिल्या, घरच्यांसाठी.

एवढ्यावर भागलं नाही. सामन्याआधी पाहुण्यांना जेवण. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले रोडगे, त्यांवर तुपाची धार, वांग्याची भाजी, ठेचा. रोडगा हा कणकेचा भरीव गोळा असतो. एक खाल्ला की माणूस झोपतो. दिग्रसच्या मुलींना तीन-तीन वाढले. नको म्हटलं की वाढणारी बाई म्हणायची, "काहून, आमच्या हातचं आवडलं नाही काय माय?" मग ती पोर मुकाट्याने खायची. मी स्वतः दोन खाल्ले आणि बाकीचा दिवस एका कुशीवर कललेली राहिले.

अर्थात सामना एकतर्फी झाला. दिग्रसच्या मुली पळत होत्या, पण जत्रेतून परतल्यासारख्या. पायलने मनाला येईल तसे बास्केट केले. आणि प्रेक्षक? दिग्रसने चुकूनमाकून एक बास्केट केला की मैदान दणाणायचं. शिट्ट्या, टाळ्या, "वा माय वा!" ढाणकीने केला की सगळे गप्प. फार तर कोणी हळूच हसायचं. पायलने मधल्या रेषेपासून धावत तिघींना चकवून चेंडू आत टाकला, तेव्हा माझ्या मागे एक पिवळ्या टोपीचा बाप्या शेजाऱ्याला म्हणाला, "पोरगी जराशी दमानं घेत नाही. पाहुने काय म्हनतीन?"

तो पायलचा बाप, शेषराव राठोड. हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या क्वार्टरला कॅमेरा फिरला.

पुन्हा दिग्रस

दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या कचेरीत बैठक. बियाणे कंपनीचे साहेब पुण्याहून आले होते. चार गावांचे चार व्हिडिओ भिंतीवर दाखवले. आकाशी यवतमाळ, पिवळं दिग्रस, गुलाबी महागाव. साहेब प्रत्येकाला "छान, छान" म्हणत होते. मग ढाणकी लागलं. भरगच्च मैदान, आणि त्यात जांभळी डोकी फक्त पाहुण्यांच्या बाकावर.

साहेबांनी आवाज मोठा करायला सांगितला. दिग्रसच्या बास्केटला गडगडाट, ढाणकीच्या बास्केटला शुकशुकाट.

"यांना स्वतःचा संघ आवडत नाही का?" साहेबांनी विचारलं.

मी उभी राहिले. आहेर सांगितला, परत आहेर सांगितला, रोडगेही सांगितले. यवतमाळचे फिरणारे आणि दिग्रसचे उठून गेलेले सोफेही सांगायला कमी केलं नाही. गिरीशभाऊ खिडकीबाहेर कापसाच्या गंजीकडे पाहत होते. शेवटी म्हटलं, "साहेब, चार गावांत खेळ पाहायला आलेलं गाव हे एकच आहे."

"मॅडम, तुमचं म्हणणं असेलही बरोबर," साहेब सौम्यपणे म्हणाले. "पण मी वर दाखवू काय? यात ढाणकीचा एकही समर्थक दिसत नाही."

ढाणकी गेलं. माझा एवढा संताप झाला की समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले. विदर्भात चहा न घेता उठणं म्हणजे काय, ते गिरीशभाऊंना बरोबर कळलं असणार. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "मीच फोन करून कळवतो ढाणकीले."

"नको," मी म्हटलं. "मी जाते."

पुन्हा ढाणकी

एसटीतून उतरले तेव्हा ऊन कलत होतं. बातमी माझ्याआधी पोचली होती. मैदानावर पंधरा-वीस माणसं जमली होती आणि माझ्यासाठी खुर्ची मांडलेली होती. मुली कोर्टच्या कडेला बसल्या होत्या. एकटी पायल रिंगखाली उभी राहून चेंडू टाकत होती.

मी तोंड उघडायच्या आत एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तुमाले किती तरास झाला आमच्यापायी," ती म्हणाली. दुसऱ्याने सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका म्याडम. तुमी तं लय बोलल्या म्हने आमच्या बाजूनं." संघ यांचा गेला होता आणि समजूत माझी चालली होती. कोणीतरी चहा आणायला पळालं.

आणि मग सुनीताबाई फुटल्या. कालपासून ज्या बाईंचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, त्या अख्ख्या गावाकडे तोंड करून ओरडल्या. "पुरे करा ना आता पाहुनचार! दोन वर्सं या पोरी राबल्या. एकदा, एकदा तरी यायच्या नावानं कोनी टाळी वाजवली काय? दिग्रसच्या पोरीयसाठी घसा फाडला तुमी. आपल्या पोरीयसाठी काहून नाही?"

लोकांना राग आला नव्हता, ते खरोखर गोंधळले होते. शेवटी शेषराव राठोड पुढे झाले. डोक्यावर अजून तीच पिवळी टोपी होती.

"घरच्या लेकरासाठी काय वरडाचं, बाई?" ते म्हणाले. "पाहुन्याचं कवतिक कराव लागते, त्याले परकं वाटू नये म्हनून. पोरगी तं आपलीच हाय. काल तिनं थो मधातून पळून टाकला ना चेंडू, माह्या डोयात पानी आलं. रातभर झोप नाही आली मले खुशीनं."

"मंग तिले सांगतलं काय तुमी हे?"

"तिले कायले सांगाव लागते?" शेषराव म्हणाले. "तिले ठाऊकच हाय ना."

चेंडूचा आवाज थांबला होता. पायल चेंडू पोटाशी धरून उभी होती. ती आम्हा कोणाकडे पाहत नव्हती, फक्त बापाकडे पाहत होती.

"नाही, बा," ती म्हणाली. "मले नव्हतं ठाऊक."